लोकमत कुणाचं मागवता?



कायद्यानं माणसं सुधारत नाहीत, आधी मनं बदलली पाहिजेत, असं स्वागताध्यक्ष मघाशी म्हणाले आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मला अध्यक्ष केलंत, तर आता ऐकून घ्या. मनं बदलेपर्यंत दाराबाहेर ताटकळायचं ज्याच्या वाट्याला येतं, त्याला विचारून हे कुणीच बोलत नाही.

एजंट फोनवर भाडं सांगतो, डिपॉझिट सांगतो, पाणी किती वाजता येतं तेही सांगतो. मग सहज विचारल्यासारखं: ‘आडनाव काय म्हणालात?’ त्यानंतर त्या फ्लॅटमध्ये मालकांचा भाऊच राहायला येणार असतो. या हॉलमध्ये अशा भावाचे मालक बरेच बसलेत, एवढं बोलून पुढे जातो.

संध्याकाळचा ठराव क्रमांक तीन चांगला आहे. जात, धर्म पाहून घर नाकारणाऱ्यांविरुद्ध कायदा करा, असं तो म्हणतो. पण शेवटी शेपूट आहे: ‘तत्पूर्वी शासनाने व्यापक लोकमत आजमावावे.’ या शेपटाशी माझी जुनी ओळख आहे.

१९३३ साली रंगा अय्यर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मंदिरप्रवेशाचं विधेयक आणलं. मुळात ते मिळमिळीतच. देऊळ उघडायचं की नाही, हे तिथल्या हिंदू मतदारांच्या बहुमतानं ठरायचं. म्हणजे ज्यांनी कडी घातली त्यांनाच विचारायचं, काढता का? बाबासाहेबांनी त्या फेब्रुवारीत पत्रक काढून पाठिंबा नाकारला. अस्पृश्यता पाप आहे असं हे विधेयक म्हणत नाही, आणि बहुसंख्यांना आवडतं म्हणून पाप चालवून घ्यायचं नसतं, हा त्यांचा रोख होता. सनातन्यांना मात्र तेवढंही सोसेना. विधेयक पाडायची वेळच आली नाही. ते लोकमतासाठी फिरवायचं ठरलं, कागद देशभर फिरले, निवडणुका जवळ आल्या, काँग्रेसचा पाठिंबा आटला आणि १९३४च्या ऑगस्टमध्ये रंगा अय्यरांनी ते मागे घेतलं.

जुनी गोष्ट म्हणाल. मग ब्रिटन घ्या. २०१३मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहानं हट्टानं दुरुस्ती लावून धरली आणि समानतेच्या कायद्यात जातीचा समावेश करणं सरकारवर बंधनकारक झालं. सरकारनं काय केलं? रेंगाळत रेंगाळत २०१७मध्ये लोकमत मागवलं. सोळा हजारांवर उत्तरं आली, निम्म्याहून थोडी अधिक कोर्टाच्या निकालांवरच विसंबावं म्हणणारी. जुलै २०१८मध्ये सरकारनं हात झटकले: कोर्टाचे निकाल आहेत, तेवढे पुरे. यात आपल्याकडून तिकडे गेलेल्या काहींनी ‘आमच्यात आता जात उरलीच कुठे’ हा सूर लावला होता. तो सूर मला पाठ आहे, आत्ताच इथे मागच्या रांगेतून ऐकला.

आता उलटं उदाहरण. २९ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेनं अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर केलं. त्याआधी कुठल्या गावच्या पाणवठ्यावर मतदान घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर? शिक्षेचा कायदा यायला तरीही १९५५ उजाडलंच.

म्हणून ठराव तीनमधली ती ओळ मी खोडली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी संध्याकाळी दुरुस्ती म्हणून मांडावी. मागच्या रांगेतून कुजबुजून नव्हे, माईकपाशी येऊन, पूर्ण नाव सांगून. अनुमोदकही लागेल.