हवा, सीट आणि घंटी

(महिला व मुलींच्या सायकल-शिबिराच्या समारोपात केलेलं भाषण)



गेले आठ दिवस तुम्ही पडलात, उठलात, गुडघे फोडून घेतलेत आणि आज जवळजवळ सगळ्याजणी सायकलवर आहात. समारोपाला 'सक्षमीकरण' वगैरे मोठे शब्द वापरायची पद्धत आहे. मी मात्र हवा, सीट आणि घंटी या तीनच गोष्टींवर बोलणार आहे. सायकल शिकणं सोपं असतं, वर्षानंतरही ती चालवत राहणं अवघड. आणि ती सुटते तेव्हा बहुतेकदा कारण असंच किरकोळ असतं.

तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ साली साक्षरता मोहीम सुरू झाली. शीला राणी चुंकत या तेव्हा तिथल्या जिल्हाधिकारी. अक्षरांबरोबर सायकल शिकवणं हा या मोहिमेचा भाग झाला आणि लाखभर ग्रामीण बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, नर्सेस, अंगणवाडी सेविका, सगळ्या होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलं आहे. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा बायका पुरुषांच्या सायकली चालवू लागल्या. काहींना तर त्याच आवडल्या, कारण मधल्या दांड्यावर मूल बसवता येतं! पाणी आणणं, माल विकायला नेणं, मुलांना सोडणं ही कामं बसची वाट न बघता होऊ लागली.

पुढे बिहार सरकारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली आणि शाळेत टिकणाऱ्या मुलींची संख्या लक्षणीय वाढली. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली दिल्या गेल्या. म्हणजे सायकल दारात येते. पण घरोघरी जाताना मला पुष्कळदा दिसतं ते असं : सायकल भिंतीला टेकलेली, मागच्या चाकात हवा नाही. "भाऊ पंक्चर काढून आणणार आहे." तो भाऊ महिनाभर मोकळा होत नाही, आणि पंक्चर काढून आणलं की स्वतःच घेऊन जातो. मुलगी पुन्हा पायी. सायकल तिच्या नावावर, पण सायकलची माहिती दुसऱ्याच्या हातात. ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे ना? शेताचं, घराचंही असंच असतं.

म्हणून पहिली गोष्ट, हवा. ट्यूबचं रबर कितीही चांगलं असलं तरी त्यातून हवा हळूहळू झिरपतेच. पंक्चर नसतानाही आठ-पंधरा दिवसांनी चाक नरम पडतं. नरम चाकाची सायकल जड चालते. आपल्याला वाटतं, आपल्यातच दम नाही! दोष हवेचा असतो आणि आपण तो स्वतःवर घेतो. नरम टायर खड्ड्यात रिंगवर आपटतो, मध्ये ट्यूब चिमटली जाते आणि पंक्चर होतं. टायरच्या कडाही लवकर चिरतात.

मग ठासून हवा भरायची का? तसंही नाही. फार कडक चाकाने प्रत्येक खडा कंबरेत आणि मनगटात जाणवतो, आणि ओल्या रस्त्यावर टायरची पकड कमी होते. टायरच्या कडेला हवेचा आकडा छापलेला असतो, तो शोधून पाठ करा. त्याच्यापुढे जायचं नाही. मोजायचं साधन नसेल तर अंगठ्याने टायर दाबून बघा. जोर लावल्यावर किंचित दबला पाहिजे. बसल्यावर आपलं निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकावर येतं, म्हणून मागे थोडी जास्त हवा. कॅरिअरवर मूल किंवा भाजीची पाटी असेल तर त्याकडे आणखी लक्ष द्या. पेट्रोल पंपावरच्या यंत्राने मात्र जपून. सायकलची ट्यूब लहान, ती पाहता पाहता फुटते. हातपंप बरा, आणि तो चालवायला कुणाच्या भावाची गरज लागत नाही.

दुसरी गोष्ट, सीट. "सायकलने खाली दुखतं" हे आपण एकमेकींच्या कानात सांगतो, दुकानदाराला सांगत नाही. दुखतं, कारण बरेचदा सीट अरुंद असते किंवा तिचं नाक वर आलेलं असतं. बसण्याची हाडं बायकांमध्ये साधारणपणे जास्त अंतरावर असतात. सीट मागे पुरेशी रुंद हवी आणि सपाट बसवलेली हवी. उंचीचंही सोपं आहे : सीटवर बसून खालच्या पेडलवर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हावा. म्हणजे चवड्याने पेडल मारताना तो जरासा वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर गुडघे दुखतात. अगदी नवशिकीने सुरुवातीला थोडी खाली ठेवावी आणि तोल जमला की वर घ्यावी. चेनला कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असू द्या, ओढणी आणि पदर खोचलेला असू द्या.

आणि याच ओघात एक बोलून टाकते. सायकल चालवल्याने मुलगी 'बिघडते' अशी कुजबुज अजूनही होते. योनिपटलावरून कुणाच्याही लैंगिक संबंधांबद्दल काहीच ठरवता येत नाही, असं वैद्यकशास्त्र सांगतं. पाळीतही बरं वाटत असेल तर खुशाल सायकल चालवा.

तिसरी गोष्ट, घंटी. तिच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणत. पुणे महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडाही मंजूर केला. पण सायकलची वाट बहुतेक ठिकाणी चालणाऱ्यांचीही असते. फिरायला आलेले आजी-आजोबा, शाळेची मुलं, डोक्यावर ओझं घेतलेली बाई, सगळे तिथेच. तक्रार करून उपयोग नाही. त्यांनाही दुसरी जागा नाही.

या शिबिरात मी एक पाहिलं. समोर कुणी आलं की तुमच्यातल्या कितीतरीजणी घंटी न वाजवता पाय टेकून उभ्या राहत होत्या. आवाज करू नये, वाट मागू नये, हे आपल्यात इतकं मुरलेलं आहे. दुसरीकडे, मागून अगदी जवळ येऊन कर्कश घंटी वाजवणारी, मुद्दाम कट मारणारी पोरंही आपण भोगलेली आहेत. घंटी ऐकली की आपण अंग चोरतो.

आता घंटी आपल्या हातात आहे. चालणाऱ्या माणसापुढे सायकलवाली बलवान असते, हे विसरू नका. म्हणून वीसेक पावलं आधी एकदा हलकेच वाजवा. अर्थ एवढाच, "मी येतेय." वेग कमी करा. माणूस कुठे सरकतो ते बघा आणि उजवीकडून, हातभर अंतर सोडून जा. ऐकू आलं नसेल तर तोंडाने सांगा, "आजी, उजवीकडून जातेय हं." मूल किंवा कुत्रं असेल तर थांबायची तयारी ठेवा, ती कुठेही वळतात. गर्दीत उतरून ढकलत नेण्यात कमीपणा नाही. मैत्रिणी बरोबर असल्या तरी एकीमागे एक चला. आणि मोटारींच्या रस्त्यावर गरज असेल तेव्हा घंटी बिनधास्त, ठणठणीत वाजवा. तिथे लाजायचं कारण नाही.

शेवटी एक काम देते. प्रत्येक वस्तीतल्या गटाने वर्गणी काढून एक हातपंप आणि पंक्चरचं सामान घ्यावं. दोघीजणींनी पंक्चर काढायला शिकावं आणि इतरांना शिकवावं. दर रविवारी सगळ्या सायकली एकत्र आणून हवा बघावी. तेवढ्या निमित्ताने बायका भेटतील, बोलतील, कुणाच्या घरी काय चाललंय ते कळेल. पुढच्या वर्षी मी येईन तेव्हा किती जणी शिकल्या हे विचारणार नाही. किती सायकली चालू आहेत, आणि त्यांवर कोण बसतंय, एवढंच विचारीन.