वाचणाऱ्या मुलाला श्रोता हवा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात आरे-वारे येथे केलेले भाषण)



शालान्त परीक्षेत यश मिळविलेल्या मुलामुलींचा आताच येथे गौरव झाला. त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु नुकतीच अक्षरे ओळखू लागलेली जी चिमुकली मंडळी या मांडवात बसली आहे, तिच्यासंबंधी दोन शब्द बोलावेत असे आम्ही योजिले आहे. दहावीच्या यशाचा पाया दुसरी-तिसरीत, मूल न भिता वाचू लागते तेव्हा घातला जातो. तेथे जे मूल मागे पडते, त्याला पुढे प्रत्येक विषय परका वाटतो. कारण गणितसुद्धा आधी वाचावे लागते. अशा मुलाचे नाव बक्षिसांच्या यादीत कधीच येत नाही, म्हणून ते कोठे हरवले हे आपणांस कळतही नाही.

पुस्तकांची परंपरा आपल्या किनाऱ्यास नवी नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. १८८१ मध्ये मुलांसाठी ‘बालबोध’ मासिक काढणारे विनायक कोंडदेव ओक हेदवीचे. येथून उत्तरेस थोड्याच अंतरावरील मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव. तथापि नुसती पुस्तके असून वाचक घडत नाही. वाचणाऱ्या मुलाला श्रोता लागतो, हेच आम्हांस सांगावयाचे आहे.

पूर्वी हा श्रोता घरांतून आपोआप मिळे. मुंबईच्या गिरणीतील चाकरमान्याचे पत्र आले की ते शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हाती पडे. आजी, आई, शेजारीण भोवती बसत. मूल अडखळले तरी कोणी हसत नसे. प्रत्येकीला पुढची ओळ हवी असे. चातुर्मासात ‘हरिविजय’ वा ‘पांडवप्रताप’ लागे, तेव्हा वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक. ऐकून ऐकून पोथी पाठ झालेली निरक्षर आजीही चुकलेला शब्द सुधारून देई. आपल्या वाचनाची कोणाला तरी गरज आहे, ही जाणीवच मुलाला धीट करी. आता पत्र येत नाही. भ्रमणध्वनीवर माणसाचा चेहराच दिसतो. सोय चांगली, पण तिने मुलाचा श्रोता नेला. ती जागा आपण जाणूनबुजून भरली पाहिजे.

त्यासाठी रोज रात्री पंधरा मिनिटे पुरेत. आरंभी मोठ्यांनी वाचावे, शब्दांखालून बोट फिरवावे. तीच गोष्ट मुलाने दहा वेळा मागितली तर दहा वेळा वाचावी. ओळखीच्या मजकुरावरच नजर स्थिरावते. मग एक ओळ त्याची, एक आपली. मुळाक्षरे व बाराखडी आली की मूल बरेच शब्द लावते. ते अडते जोडाक्षरांवर, किंवा ‘चूल’ आणि ‘चहा’ यांतील ‘च’ निराळा का, यावर. तेथे घाई करू नये. मनात पाच अंक मोजावेत, मगच शब्द सांगावा.

जो शब्द कानांच्या ओळखीचा, तो डोळे लवकर ओळखतात. येथील मुलाला ‘ओहोटी’ समजावून द्यावी लागत नाही. ती तो पुळणीवर रोज पाहतो. म्हणून पहिली पुस्तके त्याच्या परिचयाच्या जगातील असावीत. ‘नारळाचे झाड’ असे छापलेले असता त्याने ‘माड’ वाचले तर रागावू नये. त्याला अर्थ कळला आहे. “आता अक्षरे नीट पाहा” एवढेच म्हणावे. शब्दाशब्दाला चूक काढणारा श्रोता परीक्षक होतो, आणि परीक्षकासमोर रोज बसावयास कोणते मूल राजी होईल?

ज्या माताभगिनींना वाचता येत नाही, त्यांनी आपला उपयोग नाही असे मुळीच मानू नये. मन लावून ऐकणे आणि “पुढे काय झाले?” असे विचारणे, हे काम त्या उत्तम करू शकतात.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि १९५७ साली ते कोसबाडला नेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात गेली. त्यापासून आपण एवढा बोध घ्यावा की, पुस्तकाने मुलाच्या दाराशी जावे. मंडळाने बक्षीस-निधीतील काही भाग बाजूस काढून बालपुस्तकांच्या पेट्या कराव्यात. एकेक पेटी महिनाभर एका वाडीत राहावी, मग पुढच्या वाडीत जावी. पुस्तक फाटले तर दंड नसावा; न उघडलेल्या पुस्तकापेक्षा फाटलेले पुस्तक केव्हाही बरे.

पेट्यांचा निर्णय कार्यकारिणी घेईल तेव्हा घेवो. श्रोता होण्यास मात्र कोणाच्या ठरावाची आवश्यकता नाही. आज घरी गेल्यावर आपल्या मुलास वा नातवास जवळ घ्यावे आणि “मला थोडे वाचून दाखव” असे म्हणावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.