मज्जेतील रक्षक आणि मेंदूतील किटण



'अमायलॉइड' म्हणजे पिष्टासारखे. बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकले की ती निळी पडते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १८५४ साली फिर्शो या जर्मन पंडिताने मेंदूतील काही कणांवर आयोडीनची अशीच करामत पाहिली आणि हे नाव ठेवले. १८५९ मध्ये फ्रीडरायख व केकुले यांनी अशा साठ्यात पिष्ट नसून प्रथिन असल्याचे दाखविले. पण शास्त्रातही एकदा बारसे झाले की नाव बदलत नाही!

अल्झायमरच्या विस्मृतिरोगात या जातीचे किटण मेंदूत साचते. उंदराला हा रोग आपणहून होत नाही. माणसाचे सदोष जनुक घालून तसे उंदीर मुद्दाम तयार करतात. आमच्यापुढला प्रश्न असा की, मेंदूत हा कचरा साचू लागला म्हणजे हाडांच्या मज्जेत जन्मणाऱ्या रक्षक पेशी तिकडे धावतात काय?

२००६ साली कॅनडातील क्वेबेकच्या संशोधकांनी 'धावतात' असे उत्तर दिले. त्यांनी उंदराची मज्जा किरणांनी मारली आणि हिरव्या चकाकणाऱ्या पेशींची मज्जा तिच्या जागी भरली. पुढे या हिरव्या पेशी किटणाभोवती जमलेल्या दिसल्या. मज्जेतून येणाऱ्या पेशींची वाट बंद केली तेव्हा किटण वाढले. ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आपल्याच मुलांना ओळखत नाहीत, त्यांना ही बातमी केवढी मोठी वाटली असेल!

पण पुढच्याच वर्षी शंका निघाली. किरणांनी मज्जेबरोबर मेंदूचा बांधही ढिला केला असेल तर? भिंत पाडायची आणि मग पाहुणे आपणहून आत आले म्हणायचे, असा तो प्रकार. जर्मनीत उंदरांची डोकी झाकून किरण दिले, तेव्हा हिरव्या पेशी मेंदूत रुजल्या नाहीत. व्हँकूव्हरला दोन उंदीर एकमेकांस शिवून त्यांचे रक्त एक केले. एकाच्या पेशी दुसऱ्याच्या रक्तात खेळल्या, मेंदूत मात्र शिरल्या नाहीत. मेंदूतील सफाई करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी गर्भाच्या पीतककोशातून अगदी आरंभीच येऊन वस्ती करतात, हे २०१० साली कळले.

मग मज्जेचा काहीच हात नाही काय? तसेही नव्हे. मज्जेतील पेशींना रक्तात बाहेर पडायला लावणारा सीसीआर-२ हा ग्राहक ज्या उंदरांत नव्हता, त्यांच्या मेंदूत किटण अधिक साचले व ते लवकर मेले. २०११ मध्ये, डोके झाकूनच केलेल्या प्रयोगांत, मज्जेतील पेशींचे खरे ठिकाण दिसले: किटणाच्या गाठींशी नव्हे, तर मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या कडेला. तिथे बसून त्या किटण उचलतात. आमच्या मते पहिल्या दाव्यापेक्षा हे काम लहान आहे. पण ते किरणांच्या कृपेने दिसलेले नाही.