यंत्राचा ठेका आणि स्वप्नाचा सूर



आजच्या विषयाचे नाव वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय व्हावे, शेतीचे प्रश्न व्हावेत. विजेची गिटार आणि यंत्राचा ठेका ह्यांचे येथे काय काम? शंका रास्त आहे. परंतु आपल्या घरातील तरुण मुले कानांत बोंडे घालून जे ऐकत बसतात, त्यात हे संगीतही असते. मुलांनी ज्यावर जीव लावला आहे, त्याची वडीलधाऱ्यांना तोंडओळखही नसावी, हे काही बरे नव्हे.

इंग्रजीत ह्या प्रकाराला ‘ड्रीम पॉप’ म्हणतात. आपण स्वप्नसंगीत म्हणू. ह्यात गिटारची तार छेडली की सूर टणकन वाजून विरत नाही, तर धुक्यासारखा पसरतो. ही किमया तीन उपकरणांची. पहिले उपकरण प्रतिध्वनी देते. आपल्या मराठवाड्यातील खोल विहिरीत हाक मारावी आणि ती पुन्हापुन्हा वर यावी, तसे. दुसरे त्याच सुराच्या किंचित मागेपुढे सरकलेल्या जोडप्रती काढते. दिंडीत शंभर वारकरी एकच अभंग म्हणतात, पण कोणाचाही सूर दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, आणि त्यातूनच तो भरदार नाद उठतो. तत्त्व तेच. तिसरे उपकरण दगडी गाभाऱ्यातला घुमारा आणते. अशा ढगाळ सुरांच्या तळाशी यंत्राचा ठेका चालतो. न थकणारा, न चुकणारा.

ह्या संगीताचे एक मूळपीठ स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ हे गाव. तेलशुद्धीकरणाचा कारखाना हीच त्या गावाची ओळख. तेथील शुद्धीकरण 2025 साली थांबले. लोखंडाच्या रोलिंग मिलांचा धूर पाहणाऱ्या जालनेकरांना अशा गावाची कल्पना सहज यावी. तेथील रॉबिन गथ्री, विल हेगी आणि एलिझाबेथ फ्रेझर ह्या तरुणांनी ‘कॉक्टो ट्विन्स’ नावाचा संच काढला. तालवादक नव्हता, म्हणून ठेका यंत्राकडे दिला. 1982 साली त्यांची पहिली तबकडी ‘गार्लंड्स’ निघाली. पुढे 1990 मध्ये ‘हेवन ऑर लास व्हेगास’ आली आणि गिटारचा ढग व यंत्राचा ताल ह्यांचा मेळ किती गोड होऊ शकतो, हे जगाला कळले. फ्रेझरबाईंचे शब्द पुष्कळदा इंग्रजी जाणणाऱ्यांनाही उमगत नाहीत. आपण त्याबद्दल नाक मुरडू नये. आपल्या तराण्यात तरी शब्दार्थ कोठे असतो? नादच तेथे बोलतो.

आता आपल्या घरात या. त्याच 1982 साली मुंबईत चरणजित सिंग नावाचे एक वादक होते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि बेस गिटार वाजवून त्यांनी उमेदीची वर्षे घालविली. त्यांनी जपानी कंपनीची काही नवी यंत्रे मिळविली. त्यांतील एक यंत्र मुळात गिटारवाल्याला घरी एकट्याने सराव करताना साथ मिळावी म्हणूनच बनविले होते. सिंगांनी त्याच्याकडून साथ घेतली नाही, त्याला राग शिकविले! यमन, मालकंस, तोडी, ललित, मधुवंती असे दहा राग त्यांनी विजेच्या ठेक्यावर बसविले. तबकडीचे नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. ही काही स्वप्नसंगीताची तबकडी नव्हे. तिच्यात गिटारही नाही. पण यंत्राच्या ठेक्यावर माणसाचा सूर तरंगावा, ही ओढ दोन्हीकडे एकच होती.

आणि फळ मात्र निराळे मिळाले. स्कॉटलंडच्या मुलांना लंडनची एक लहानशी ध्वनिमुद्रिका कंपनी भेटली, आणि बीबीसीवर जॉन पील नावाचा निवेदक भेटला, जो नवख्यांची गाणी मुद्दाम लावीत असे. सिंगांची तबकडी विशेष खपली नाही आणि विसरली गेली. पाच वर्षांनी, 1987 साली, शिकागोच्या तरुणांनी त्याच जातीच्या यंत्रावर नवे नृत्यसंगीत काढले आणि जगभर त्याचा गाजावाजा झाला. त्यानंतर कित्येक वर्षांनी सिंगांची तबकडी एका डच संग्राहकाच्या हाती दिल्लीत लागली, 2010 मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाली, आणि म्हाताऱ्या कलावंताला युरोपातून बोलावणी आली. 2015 साली ते गेले. आपल्या दारचे झाड आपल्याला परक्याने दाखवावे लागले!

कोणी म्हणेल, यंत्राचा ठेका हा निर्जीव. ह्यात तथ्य नाही असे नाही. तबलजी गायकाकडे पाहतो, जागा ओळखतो, समेवर हसून मान डोलावतो. यंत्र ह्यातले काहीच करीत नाही, आणि ही हानी खरीच आहे. परंतु विलंबित ख्यालात आपण तबलजीकडून काय मागतो? ठेका स्थिर धर, म्हणजे गायकाला मोकळे फिरता येईल, एवढेच ना? यंत्र तेवढे देते. आपल्या गवयांनी विजेचा तानपुरा मांडीशी घेतला, त्यालाही आता कित्येक वर्षे झाली. संगीत काही बुडाले नाही.

तेव्हा खरा प्रश्न यंत्राचा नसून कानांचा आहे. यंत्र वाजविते, पण ऐकत नाही. साथीदाराचे जे कान त्या मैफलीतून वजा झाले, ते श्रोत्याने भरून द्यावयाचे असतात. ग्रेंजमाउथला ते मिळाले, मुंबईत मिळाले नाहीत; दोन नशिबांतील मोठे अंतर मला येथे दिसते.

‘जालना सोन्याचा पालना’ असे आपण अभिमानाने म्हणतो. पाळण्यात काय वाढते, हे हलविणाऱ्या हातावर अवलंबून. उद्या अंबडला, परतूरला, किंवा आपल्याच गल्लीत एखादा मुलगा जुनी गिटार आणि हातातला फोन घेऊन काही जुळवीत बसलेला दिसेल. त्याला शाबासकी द्या असे मी म्हणत नाही. वाईट असेल तर वाईट म्हणा. पण आधी दार लावून न घेता, एकदा बसून, शेवटपर्यंत ऐका. आज मला ऐकलेत, तेवढेच त्यालाही ऐका, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.