संशोधनाचे एक वर्ष आणि त्यामागचा पैसा
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील निवेदन)



यंदाच्या जमाखर्चात आपणांस 'विद्यार्थी संशोधन वर्ष' असे एक नवे खाते दिसेल. रक्कम फार मोठी नाही. परंतु रुग्णसेवेसाठी स्थापन झालेल्या न्यासाने एका विद्यार्थिनीच्या अभ्यासावर खर्च का करावा, आणि तो कोणाच्या पैशातून करावा, हे आपणांस विचारण्याचा अधिकार आहे.

नुकतीच आंतरवासिता पूर्ण केलेल्या या विद्यार्थिनीचा प्रश्न साधा आहे. घोणस चावलेला रुग्ण प्रतिविषाने वाचतो व घरी जातो. काहींच्या मूत्रपिंडांना त्या विषाने इजा झालेली असते. पुढे त्या मूत्रपिंडांचे काय होते? आमच्या केसपेपरांत याचे उत्तर नाही. सर्पदंश पावसाळ्यात वाढतात, तेव्हाच शेतीची कामे ऐन भरात असतात. मजुरी बुडवून फेरतपासणीस येणे गरिबाला परवडत नाही. उत्तर हवे असेल तर कोणीतरी रुग्णांच्या घरी गेले पाहिजे. तीन, सहा आणि बारा महिन्यांनी रक्त व लघवी तपासली पाहिजे. बाह्यरुग्ण विभाग सांभाळून हे काम होत नाही. त्याला सबंध वर्षच द्यावे लागते.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात असे वर्ष राखून ठेवलेले नाही. पदवीनंतर बहुतेक मुले नीट-पीजीच्या तयारीला लागतात, आणि त्याखेरीज अन्य कामात गेलेले वर्ष पालकांना वाया गेलेसे वाटते. त्यांना दोष देववत नाही. शैक्षणिक कर्जाचे हप्ते कोणासाठी थांबत नाहीत.

पैशाचे तीन मार्ग आमच्यापुढे होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 'शॉर्ट टर्म स्टुडंटशिप' १९७९ पासून चालू आहे आणि अनेक डॉक्टरांना संशोधनाची पहिली गोडी तिनेच लावली. मात्र ती पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी व दोन महिन्यांची. शिवाय विद्यावेतन हाती येते ते अहवाल मान्य झाल्यावर. वर्षभराच्या कामास ती पुरणारी नव्हती.

दुसरा मार्ग एका औषध कंपनीचा. देऊ केलेली रक्कम आमच्या तरतुदीच्या जवळजवळ दुप्पट होती. अटी दोनच: विषय कंपनीच्या औषधाशी निगडित असावा, आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्यापूर्वी तिची संमती घ्यावी. कंपन्यांच्या पैशातून चांगले संशोधन होत नाही, असे आम्ही म्हणत नाही. नवी औषधे बहुधा त्याच पैशातून येतात. परंतु या अटी मान्य केल्या असत्या तर घोणशीचा प्रश्न पहिल्याच दिवशी बाजूला पडला असता.

येथे आम्हांस डॉ. हिम्मतराव बावस्कर यांची आठवण होते. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने दगावणारे रुग्ण पाहून त्यांनी लक्षणांच्या बारकाईने नोंदी केल्या, आणि रक्तदाबासाठी आधीपासून वापरात असलेली प्राझोसिन ही स्वस्त गोळी या दंशावर गुणकारी ठरते, हे १९८६ साली 'लॅन्सेट'मधून जगापुढे मांडले. आज विंचूदंशाच्या उपचारात तिला मानाचे स्थान आहे. अशा स्वस्त गोळीचा नवा उपयोग शोधण्यासाठी कोणती कंपनी पैसे मोजील?

तिसरा मार्ग आपल्या सर्वसाधारण देणग्यांच्या व्याजाचा. तोच आम्ही निवडला. पण विनासायास नव्हे. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी बैठकीत रोखठोक विचारले की, याच व्याजातून डायलिसिसच्या किती फेऱ्यांना सवलत देता आली असती? प्रश्न रास्त होता. सवलतीसाठी यंदा थोडी रक्कम कमी पडेल, हे आपणांपासून लपविण्यात अर्थ नाही. ज्यांची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत आहेत, ते वेळीच सापडले तर काहींवर डायलिसिसची पाळी उशिरा येईल वा येणारही नाही, ही आमची आशा आहे. खात्री असती तर संशोधनाची गरजच उरली नसती. मतदान झाले व ठराव बहुमताने, एकमताने नव्हे, संमत झाला.

निर्धन रुग्ण निधीस मात्र हात लावलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार बिलांच्या दोन टक्के रक्कम त्या निधीत जमा होते, आणि दहा टक्के खाटा निर्धनांसाठी व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. ती रक्कम त्यांच्याच उपचारांची आहे. विषय कितीही मोलाचा असला तरी संशोधनास ती वापरता येणार नाही.

विद्यावेतन दरमहा पहिल्या तारखेस मिळेल. प्रवास व प्रयोगशाळेचा खर्च वेगळा धरला आहे. पुढे आमच्याकडेच नोकरी करावी, असा करार तिच्याकडून घेतलेला नाही. निष्कर्ष आमच्या उपचारांतील उणिवा दाखविणारे निघाले तरी ते प्रसिद्ध होतील. एथिक्स कमिटीने मराठी संमतिपत्र दोनदा परत पाठवून सोपे करून घेतले. सहभागास नकार देणाऱ्या रुग्णाच्या उपचारांत काडीचाही फरक पडणार नाही, हे वाक्य आता त्यात सर्वांत वर आहे.

खर्चाची एक बाब समितीनेच वाढविली. घरी जाऊन शोधलेल्या रुग्णास 'आपणांस मूत्रपिंडाचा विकार आहे' एवढे सांगून परत येता येणार नाही. त्याचे पुढील उपचार येथे विनामूल्य होतील व तो भार याच खात्यावर पडेल. अंदाजपत्रक त्यामुळे फुगले, म्हणून बाह्यरुग्ण विभागाची रंगरंगोटी पुढील वर्षावर ढकलली आहे. सहामाही अहवाल विश्वस्त मंडळापुढे आल्यावर त्याची प्रत स्वागतकक्षात ठेवू. ती कोणासही वाचता येईल.