उन्हाळ्यात कोणता चहा प्यावा?

उन्हाळ्यात चहा सोडा, असं सांगायला आम्ही आलेलो नाही. ते आम्हालाच जमलेलं नाही. पण कोणता प्यायचा आणि कधी प्यायचा, हे आम्हाला एका मे महिन्याने शिकवलं, तेवढं सांगतो.

आम्ही आठजणी तळेगाव स्टेशन भागात राहणाऱ्या. तिघी फ्लोरिकल्चर पार्कात, पॉलिहाऊसमध्ये गुलाबाच्या कामावर. बाकीच्या चाकण रस्त्याच्या कारखान्यांत, कुणी पॅकिंगला, कुणी कॅन्टीनला. त्या मे महिन्यात आमच्यातली एक भर दुपारी पॉलिहाऊसमध्ये कोसळली. घाबरून कुणीतरी तिच्या तोंडाला गोड चहाचा कप लावला. हे कधीच करू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात चहाही नको आणि पाणीही नको, ते श्वासनलिकेत जातं. सावलीत आणा, अंग ओल्या कपड्याने पुसा, वारा घाला आणि 108 ला फोन करा.

ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून पोटात काय गेलं? चार कप चहा आणि एक चपाती. पाणी? पाणी ती मुद्दामच पीत नव्हती, कारण संडास लांब आणि दर वेळी विचारून जायचं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. आम्ही एकमेकींकडे बघितलं. आमचं तरी काय वेगळं चाललं होतं?

चहाने अंगातलं पाणी आटतं असं म्हणतात. दोन-तीन कपांनी तसं होत नाही, चहातलं पाणीही अंगी लागतंच. बिघडतं ते पाण्याच्या आणि जेवणाच्या जागी चहा आला की. चहा भूक मारतो, आणि घाईच्या बाईला ते सोयीचं वाटतं.

गरम चहाने उलट गार वाटतं, असं आमच्या सासवा म्हणायच्या. ते खोटं नाही. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 साली सायकल चालवणाऱ्यांवर प्रयोग करून दाखवलं की गरम पेयाने घाम जास्त येतो, आणि तो वाळला तर अंगातली उष्णता कमी साठते. वाळला तर, हं! ओसरीवर वारा असतो, तिथे हे चालतं. पॉलिहाऊसमध्ये प्लास्टिकचं छप्पर, आत दमट हवा. घाम वाळत नाही, नुसता निथळतो. तिथे गरम चहा म्हणजे पाणीही गेलं आणि गारवाही नाही. जाड युनिफॉर्म घालून बंद शेडमध्ये काम करणाऱ्यांचंही तेच.

दुसरी गोष्ट रक्ताची. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. चहातलं टॅनिन भाजी-भाकरीतलं लोह अंगात नीट शोषू देत नाही. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत सांगितलंय, जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा नको. आम्ही तर डबा संपायच्या आत कटिंग मागवायचो! लोहाच्या गोळ्याही काहीजणी चहाबरोबरच घेत होत्या.

आता आमचं असं चालतं. सकाळी घरी एक कप, नेहमीचाच, दुधाचा. फक्त आलं कमी आणि वेलची जास्त, आणि पत्ती टाकून फार उकळायचा नाही. उकळून उकळून काळा केलेला चहा कडक लागतो, पण आधीच रिकाम्या पोटाला तो जाळतो. गुळाचा चहा साखरेपेक्षा पौष्टिक समजून तीन-तीन कप पिऊ नका, गोड ते गोडच.

कामावर न्यायला गवती चहा. सगळ्यांच्या दारात, नळाजवळ, एखादा ठोंब असतोच. मूठभर पाती कात्रीने कापायची, दोन लिटर पाण्यात पाच मिनिटं उकळायची, झाकून ठेवायची, गाळून माठात गार करायची. चहा पावडर घालायची नाही. वरून लिंबू, थोडी साखर, चिमूटभर मीठ. ब्लड प्रेशर असेल तिने मीठ सोडावं. यात चहा पावडरीइतकं टॅनिन नसतं आणि लिंबामुळे डब्यातलं लोह उलट चांगलं अंगी लागतं, म्हणून हा जेवतानाही चालतो. दुधाचा चहा थर्मासमध्ये भरून दिवसभर नेऊ नका, उन्हाळ्यात तो हमखास नासतो. कोकमाचं सरबत किंवा ताक असेल तर फारच उत्तम, पण ते रोज कुठून आणायचं?

संध्याकाळी पाच वाजता एक कप, मैत्रिणींबरोबर, वाऱ्यावर बसून. तो आम्ही कुणालाच सोडायला सांगणार नाही.

राहिला संडासाचा प्रश्न. आम्ही तिघींनी मिळून सुपरवायझरना सांगितलं की एकेकीला विचारायला लावू नका, दर दोन तासांनी सगळ्यांनाच दहा मिनिटं द्या. पंधरा दिवस लागले, पण मिळाली. पाण्याचा माठ आता पॉलिहाऊसच्या दाराशी आहे. आमची मैत्रीण परत कामावर आलीय, आणि तिचं हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलंय.