विमान बदलतं तेव्हा

२०१२ च्या मे महिन्यात एअर इंडियाच्या वैमानिकांचा संप सुरू झाला, तेव्हा सफाळ्याला थांबणाऱ्या शटलमध्ये त्याची चर्चा रोजच व्हायची. चर्चा म्हणजे काय, सगळे एकाच बाजूने बोलायचे. महिन्याला लाखांनी पगार घेणारी माणसं आजारपणाचे दाखले पाठवून घरी बसतात, आणि भांडण कशावरून, तर नव्या विमानाचं शिक्षण दुसऱ्यांना का देता यावरून! पहाटे भाजीची टोपली घेऊन मुंबई गाठणाऱ्या बाईला असले लाड परवडतील का, असं कुणीतरी म्हणायचं आणि डबा हसायचा. प्रश्न बिनतोड होता. पण त्या वैमानिकांचं म्हणणं काय होतं, हे त्या गर्दीत विचारायला कुणाला सवड नव्हती. ते आज शांतपणे ऐकून पाहू.

नवं विमान म्हणजे बोइंगचं ७८७, ड्रीमलायनर. एअर इंडियाने २००६ च्या सुरुवातीला बोइंगशी ६८ विमानांचा सौदा केला, त्यात २७ ड्रीमलायनर होती. पहिलं विमान २००८ मध्ये यायचं होतं, ते आलं २०१२ च्या सप्टेंबरमध्ये. मधल्या काळात घरातच उलथापालथ झाली. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या एक करण्यात आल्या. कागदावर एक झाल्या. पगार वेगळे, बढतीचे नियम वेगळे, संघटनाही वेगळ्या राहिल्या. एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड, इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. आधी २०११ मध्ये दुसरी संघटना संपावर गेली. आम्हाला एअर इंडियाच्या वैमानिकांइतका पगार द्या, ही तिची मागणी. वर्षभराने पहिली संघटना उठली. ड्रीमलायनरचं शिक्षण दोन्हीकडच्या वैमानिकांना द्यायचं व्यवस्थापनाने ठरवलं होतं. गिल्डचं म्हणणं, ही विमानं आमच्या कंपनीने आमच्यासाठी मागवली होती, आमचेच सहवैमानिक वर्षानुवर्षं कमांडर होण्याची वाट पाहत आहेत, त्यांच्या आधी तिकडचे लोक येऊन बसणार असतील तर आम्ही म्हातारे होईपर्यंत उजव्या खुर्चीतच राहायचं का?

उजवी खुर्ची म्हणजे सहवैमानिकाची, डावी कमांडरची. या दोन खुर्च्यांमध्ये हातभराचं अंतर असतं, पण ते ओलांडायला कित्येकदा दहा वर्षं लागतात. आणि इथेच विमानाच्या जातीचा प्रश्न येतो.

आपल्याला वाटतं, वैमानिक म्हणजे विमान चालवणारा. तसं नसतं. वैमानिकाच्या परवान्यावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. बोइंग ७३७ चालवणारा उद्या सकाळी एअरबस ३२० मध्ये जाऊन बसू शकत नाही. त्यासाठी पुन्हा वर्ग, सिम्युलेटरवरचे तास, परीक्षा आणि प्रत्यक्ष उड्डाणं. नवख्या वैमानिकाला बहुधा हा खर्च स्वतःच करावा लागतो, आणि तो लाखांच्या घरात असतो. बापाने घर गहाण ठेवून मुलाला वैमानिक केलं, असं आपण ऐकतो, ते खोटं नसतं. म्हणून कंपनीने ताफ्यात कुठलं विमान आणायचं आणि कुठलं काढायचं, हा वैमानिकाच्या दृष्टीने कारखान्यात नवं यंत्र येण्याइतका साधा मामला राहत नाही. ज्या विमानाचं नाव परवान्यावर आहे ते विमान गेलं, की त्याचा अनुभव राहतो, पण त्या अनुभवाला गिऱ्हाईक कमी होतं.

आमच्या पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते विरार हा मार्ग २०१२ मध्येच पूर्णपणे एसी प्रवाहावर आला. गाड्या बदलल्या, मोटरमनना नवं शिकावं लागलं. पण ते शिक्षण रेल्वेने दिलं, आणि नव्या गाडीमुळे कुणाच्या ज्येष्ठतेचा क्रम उलटा झाला नाही. हा फरक त्या डब्यातल्या हसणाऱ्यांच्या ध्यानात आला नसावा.

तो संप ५८ दिवस चालला. दिल्ली उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून मनाई केली, शंभरावर वैमानिकांना कामावरून काढण्यात आलं, गिल्डची मान्यता गेली, आणि ३ जुलैला न्यायालयातच संप मागे घेण्यात आला. आखातात जाणारे आपल्याकडचे कामगार, परदेशी शिकणारी मुलं, सुट्टीवर येणारी कुटुंबं यांचे जे हाल झाले, त्यांचं समर्थन मी करणार नाही. दोन महिने प्रवाशांना वेठीला धरणं मला पटलेलं नाही. पण त्यांचा प्रश्न खोटा होता, असंही मी म्हणणार नाही.

कारण विमान बदललं की माणसं जातात, हे या मुंबईनेच पाहिलंय. गोव्यात दाबोळीजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे अंगणात एक मोठं, चार पंख्यांचं, शेपटीला तीन पाती असलेलं विमान उभं आहे. सुपर कॉन्स्टेलेशन. सहलीला गेलेली माणसं त्याच्यासमोर फोटो काढतात. हे विमान मुळात एअर इंडियाचं; तिथे त्याचं नाव होतं ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे आपल्या वेरूळची राणी. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट आली आणि या राण्या जुन्या झाल्या. मग ते विमान हवाई दलाकडे गेलं, तिथून नौदलाकडे, आणि ऐंशीच्या दशकापर्यंत समुद्रावर गस्त घालत राहिलं. वापरलेल्या विमानाचं आयुष्य असं लांबतं. पण त्या विमानाच्या पुढच्या भागात बसणारी माणसं मोजा: कमांडर, सहवैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, दिशा सांगणारा नॅव्हिगेटर, बिनतारी संदेश पाहणारा रेडिओ ऑफिसर. पाच जण. नव्या जमान्यात रेडिओ ऑफिसर गेला, मग नॅव्हिगेटर. फ्लाइट इंजिनिअर बराच टिकला. पण १९८६ मध्ये एअर इंडियाकडे एअरबस ३१० आलं आणि १९९३ मध्ये ७४७ ची नवी आवृत्ती आली, त्या दोहोंत दोनच खुर्च्या होत्या. वाफेच्या इंजिनावरचा फायरमन जसा गेला, तसाच हाही. त्याच्यासाठी शटलमध्ये कधी चर्चा झाली असेल, असं वाटत नाही.

जुन्या विमानांबद्दल आपल्या मनात भीती असते. नुसत्या वयाने विमान धोक्याचं होत नाही. त्याची निगा कोण राखतं आणि त्याला कोण चालवतं, यावर सगळं असतं. भिवंडीत मुंबईच्या गिरण्यांनी भंगारात काढलेले माग आले आणि त्यांवर हजारो घरं जगली. जुनं यंत्र कामगाराचं शत्रू असतंच असं नाही. वैमानिकांचा राग जुन्या विमानावर क्वचित असतो. तो असतो, विमानाबरोबर परका चालक आणण्यावर.

याचं सगळ्यात कडू उदाहरण १९९३ चं. इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप १९९२ च्या डिसेंबरपासून सुरू होता. सरकारने तो मोडण्यासाठी उझबेकिस्तानकडून तुपोलेव्ह विमानं चालकदलासकट भाड्याने आणली. ९ जानेवारीला त्यांतलं एक हैदराबादहून दिल्लीला आलं, धुक्यात उतरताना उलटलं आणि पेटलं. आत १६५ माणसं होती. सगळी वाचली, हे आजही खरं वाटत नाही. त्या वेळचे नागरी उड्डाण मंत्री माधवराव शिंदे यांनी राजीनामा दिला. रेल्वेत शास्त्रीजींनी घातलेला पायंडा विमानखात्यात पाळणारा तो माणूस. नंतरच्यांनी किती पाळला, तो विषय वेगळा.

भाड्याची विमानं आमच्या ओळखीचीही आहेत. हजच्या मोसमात एअर इंडिया बाहेरच्या कंपन्यांची विमानं चालकदलासह घेत असे. तिकिटावर नाव एक, विमानाच्या अंगावर रंग दुसराच. हाजींना निरोप द्यायला आलेल्यांना त्याचं काही वाटत नसे. माणूस मक्केला पोचला म्हणजे झालं. परंतु तेच विमान आपल्या वैमानिकाला कसं दिसत असेल? त्याच्या कंपनीला काम आहे, प्रवासी आहेत, आणि खुर्चीत तो नाही.

याच्या उलट, विमान ओळखीचं असेल तर वापरलेलं असूनही त्याचं स्वागत होतं. एअर इंडियाने २०१४ च्या सुमारास लांब पल्ल्याची आपली पाच ७७७ विमानं अबुधाबीच्या एतिहादला विकून टाकली. टाटांकडे कंपनी २०२२ च्या जानेवारीत परत गेल्यावर, त्याच जातीची पाच विमानं भाड्याने घ्यावी लागली. ती अमेरिकेच्या डेल्टा कंपनीने वापरून निवृत्त केलेली. घरचं विकून शेजाऱ्याचं जुनं आणण्याचा हा व्यवहार मला तरी गमतीचा वाटतो. पण वैमानिकांच्या परवान्यावर ७७७ आधीपासून होतं, नव्याने काही शिकायचं नव्हतं. त्यांच्यासाठी ती विमानं म्हणजे वाढलेलं काम.

जेट एअरवेजची गोष्ट यात सर्वांत बोलकी आहे. १९९३ मध्ये मुंबईत चार भाड्याच्या बोइंग ७३७ विमानांवर सुरू झालेली ही कंपनी. पंचवीस वर्षांत ताफा शंभरापलीकडे गेला. २०१९ च्या सुरुवातीपासून वैमानिकांचे पगार थांबले. त्यांच्या संघटनेने काम बंद करण्याची तारीख दोनदा जाहीर केली आणि दोन्ही वेळा पुढे ढकलली, कारण आपण थांबलो तर कंपनी कायमची थांबेल ही भीती होती. ती तशीही थांबली. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं. त्यानंतर जे घडलं ते पाहा. विमानांच्या मालकांनी, म्हणजे ती भाड्याने देणाऱ्या कंपन्यांनी, आपापली विमानं परत घेतली. त्यांतली काही ७३७ थोड्याच आठवड्यांत स्पाइसजेटकडे उडू लागली, आणि त्यांच्यामागोमाग ती चालवणारे वैमानिकही तिकडे लागले, अनेकजण कमी पगारावर. इंडिगोकडे जागा होत्या, पण तिथे एअरबस. म्हणजे पुन्हा शिकणं. काहीजण कमांडरचे सहवैमानिक झाले. केस पांढरे झालेला माणूस उजव्या खुर्चीत, आणि डावीकडे त्याच्याहून धाकटा. शेवटी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेट अवसायनात काढण्याचा आदेश दिला. थकलेले पगार मागणारी माणसं तोवर दाव्यांची कागदपत्रं सांभाळत होती. विमानांना मात्र केव्हाच नवे मालक मिळाले होते.

त्याच काळातला एक नियम इथे सांगितला पाहिजे. २०१७ पासून कमांडरला नोकरी सोडायची तर वर्षभर आधी नोटीस द्यावी लागते, सहवैमानिकाला सहा महिने. प्रवाशांची गैरसोय होऊ नये म्हणून. जेटने आपल्या वैमानिकांना किती आधी कळवलं? त्याच दिवशी.

यानंतर विमानांचे मोठमोठे आकडे आले. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली, इंडिगोने एका दमात ५०० एअरबस. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईचीच गो फर्स्ट दिवाळखोरीत गेली. तिच्या वैमानिकांचं नशीब एवढंच बरं, की त्यांच्या परवान्यावर एअरबस ३२० होतं, आणि ते विमान सगळ्यांनाच हवं होतं. पुढच्या वर्षी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. विलीनीकरणाआधी, २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये, विस्ताराच्या वैमानिकांनी नव्या पगाराच्या करारावर नाराजी दाखवली, अनेक उड्डाणं रद्द झाली. करारात हमीच्या उड्डाणतासांची संख्या कमी केली होती. पण त्यासोबत दुसरी एक धास्तीही होती: एअर इंडियाच्या जुन्या वैमानिकांबरोबर ज्येष्ठतेची एकच यादी होणार, तेव्हा आपलं नाव कितव्या ओळीवर लागणार?